चिकणमातीनें हलक्या फोमांस येणारी बळकटी

काळ्या जमिनीचा स्वभाव आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडला कीं ती फुगते आणि पायांस व औताच्या फाळास शेर शेर चिकटते. वैशाखांत तीच आवळते आणि तींत मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात हा तिचा दोष. ती ओल धरून ठेवते म्हणून रब्बीची ज्वारी पावसावांचून पदरांत पडते हा तिचा गुण. हा दोष व हा गुण ज्या खनिजामुळें येतो, त्याच जातीचें खनिज आज थर्मोकोल, पफ इत्यादि हलक्या पदार्थांस बळकटी आणण्याकरितां वापरण्यांत येत आहे.

हा विषय आतांच हातीं घेण्यास एक कारण घडलें. आमच्या मंडळाच्या एका सभासदाकडे एक मध्यस्थ येऊन गेला. "काळ्या मातींत 'नॅनो क्ले' नांवाची मौल्यवान वस्तु असते, फोमचे कारखाने ती घेतात, तरी शेतांतील वरची दोन वितींची माती ब्रासच्या भावानें द्यावी," असें त्याचें म्हणणें. सभासदानें आम्हांस विचारलें कीं, यांत खरें किती आणि माती द्यावी कीं नाहीं? प्रश्न दोन ओळींचा आहे. परंतु चिकणमाती फोममध्यें जाऊन नेमकें काय करते हें समजल्यावांचून त्याचें उत्तर पटावयाचें नाहीं. म्हणून प्रथम तें सांगतों.

फोम म्हणजे काय

फोम म्हणजे घट्ट झालेला फेस. ढोकळ्याचें पीठ आंबून त्यांत बुडबुडे धरतात आणि वाफेवर तें पीठ त्याच स्थितींत घट्ट होतें, तसाच हा प्रकार. पिठाच्या जागीं येथें पॉलिमर असतो. लहान रेणू एकापुढें एक जोडले जाऊन ज्यांच्या लांब सांखळ्या बनतात अशा पदार्थांस पॉलिमर म्हणतात. प्लॅस्टिक हे माणसानें केलेले पॉलिमर होत. कापसांतील सेल्युलोज व दुधांतील केसीन हे निसर्गाचे.

आपण ज्यास थर्मोकोल म्हणतों तो पॉलिस्टायरीन या पॉलिमरचा फोम होय. घट्ट पॉलिस्टायरीनचें वजन दर घनमीटरास सुमारें १०५० किलो भरतें. त्याच्या फोमचें अवघें १५ ते ३० किलो. म्हणजे थर्मोकोलच्या पेटींत शेंकडा ९७ ते ९८ भाग हवाच असते. शीतगृहाच्या भिंतींत जो पफ भरलेला असतो तो पॉलियुरेथेनचा कठीण फोम. या पॉलिमरचा शोध जर्मनींत ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं लाविला. नाशिक-सांगलीकडील द्राक्षें व बेदाणा ज्या थंड कोठ्यांत राहतो त्यांची सारी मदार या फेसावर आहे. कारण लहान लहान कप्प्यांत कोंडलेली हवा किंवा वायु उष्णतेस सहजासहजीं पलीकडे जाऊं देत नाहीं.

परंतु फोमचे दोषही या हवेपोटींच आहेत. बुडबुड्यांच्या भिंती अतिशय पातळ असल्यामुळें दाब पडतांच त्या वांकतात व फोम कायमचा दबतो. पफमध्यें भरलेला उष्णतारोधक वायु वर्षानुवर्षें भिंतींतून हळूहळू निसटतो, त्याच्या जागीं साधी हवा शिरते आणि थंडी राखण्याचा गुण उतरत जातो. शिवाय हे पदार्थ पेट घेणारे आहेत. भिंती जाड केल्या तर बळकटी येईल, पण मग हलकेपणा गेला आणि खर्चही वाढला. खडूची पूड मिसळावी म्हटलें तर साध्या पुडीचा कण पुष्कळदां बुडबुड्याच्या भिंतीपेक्षां जाड; तो भिंतीस बळकटी देण्याऐवजीं तिला भोंक पाडतो. तेव्हां भिंतीच्या आंत सामावेल इतका पातळ आणि तरीही ताठ असा पदार्थ पाहिजे होता. तो चिकणमातींत सांपडला.

मातीचीं पानें

ज्या चिकण खनिजाविषयीं आम्ही बोलत आहों त्याचें नांव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधील माँटमोरिलों या गांवावरून १८४७ सालीं हें नांव पडलें. हें खनिज ज्या मातींत मुख्यत्वें असतें तिला बाजारांत बेंटोनाइट म्हणतात. हें नांव अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांतील मातीस १८९८ सालीं देण्यांत आलें. आपल्या देशांत गुजराथेंत कच्छ व भावनगर या भागांत आणि राजस्थानांत बाडमेरकडे बेंटोनाइटच्या खाणी आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींतील चिकणाचा मोठा भागही याच कुळांतील खनिजांचा असून तो बेसाल्ट खडक झिजून झालेला आहे.

हें खनिज म्हणजे पानांच्या चवडी होत. एकेक पान सुमारें एक नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, इतकें पातळ असतें. साध्या कागदाच्या जाडींत अशीं सुमारें एक लाख पानें बसतील. जाडी इतकी अल्प असली तरी पानाची रुंदी तिच्या शंभर ते कांहीं शें पट असते. पान एक मिलिमीटर जाडीचें कल्पिलें तर तें मोठ्या पापडाएवढें रुंद भरेल. नॅनो हा जो शब्द हल्लीं कानांवर येतो त्याचा अर्थ एवढाच कीं, वस्तूची निदान एक बाजू तरी या मापाची आहे.

जमिनीचीं क्षेत्रें मोजण्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून या पानांचेंही क्षेत्र काढून पाहिलें. पूर्ण उलगडलेल्या एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचा पृष्ठभाग सुमारें ७५० चौरस मीटर धरतात. दहा ग्रॅम, म्हणजे हल्लींच्या सराफी बोलण्यांतील एक तोळा मातीचीं सर्व पानें दोन्ही बाजूंनीं मोजलीं तर ७५०० चौरस मीटर, म्हणजे १ एकर ३४ गुंठे क्षेत्र भरतें. चिमूटभर माती एवढ्या मोठ्या फोमास कशी पुरते, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

या पानांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें चुना, पालाश, अमोनिया वगैरेंचे धन भाराचे कण त्यांच्यामध्यें अडकून राहतात. काळ्या जमिनींत घातलेलें खत पहिल्या पावसानें वाहून जात नाहीं याचें एक मोठें कारण हेंच. फोमवाले याच गुणाचा उपयोग करितात. चिकणाला पाणी आवडतें, बहुतेक प्लॅस्टिकांस तें आवडत नाहीं. म्हणून दोहोंचें सरळ मिश्रण होत नाहीं. यावर उपाय असा कीं, पानांमधील सोडियमचे कण काढून त्या जागीं तेलकट शेंपूट असलेले अमोनियम जातीचे रेणू बसवावे. मग पानें एकमेकांपासून दूर सरतात आणि त्यांच्यामध्यें पॉलिमरच्या सांखळ्या शिरूं शकतात.

फोममध्यें माती काय करते

या विद्येस चालना मिळाली ती जपानांत. टोयोटा कंपनीच्या संशोधन शाळेंत १९८० ते १९९० या दशकांत नायलॉनमध्यें शेंकडा ५ हून कमी माँटमोरिलोनाइट पानें सुटीं करून मिसळण्यांत आलीं. त्या नायलॉनचा ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला, आणि ओझ्याखालीं तो ज्या उष्णतेस वांकत असे ती ६५ अंशांवरून १५० अंशांपर्यंत चढली. हा नायलॉन घट्ट होता, फोम नव्हता. पण पुढें हीच युक्ति फोमांस लावण्यांत आली. तींत माती चार कामें करते.

पहिलें काम बुडबुडे वाढविण्याचें. द्रवांत बुडबुडा धरण्यास कांहींतरी आधार लागतो. मातीचें प्रत्येक पान असा आधार होतें. त्यामुळें थोड्या मोठ्या बुडबुड्यांऐवजीं पुष्कळ बारीक बुडबुडे होतात. अमेरिकेंत ओहायो राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॉलिस्टायरीनमध्यें शेंकडा ५ माती घातली असतां बुडबुड्याचा आकार सुमारें २५ मायक्रोमीटरवरून ११ वर आला, आणि दर घन सेंटिमीटरांतील बुडबुड्यांची संख्या सुमारें दहापट झाली. बारीक व सारखे बुडबुडे असलेला फोम साधारणतः अधिक भार सोसतो.

दुसरें काम भिंतीस ताठपणा देण्याचें. मातीच्या भिंतीस तडे जाऊं नयेत म्हणून आपण चिखलांत भुसा किंवा गवताची काडी तुडवितों. येथें उलट आहे. माती स्वतःच काडीचें काम करते. बुडबुडा फुगतांना त्याची भिंत ताणली जाते, आणि तींतील पानें भिंतीला समांतर निजतात. मग दाब पडला असतां भिंत एकदम वांकत नाहीं.

तिसरें काम वायु अडविण्याचें. उताराच्या शेतांत ठिकठिकाणीं बांध घातले म्हणजे पाणी सरळ न पळतां वळसे घेत जातें. त्याचप्रमाणें भिंतींत आडव्या निजलेल्या पानांमुळें वायूस सरळ वाट न राहून वळणें घ्यावीं लागतात, आणि तो सावकाश निसटतो. शीतगृहाच्या पफाचें आयुष्य व गुण ज्यावर अवलंबून आहे तें हें काम असल्यामुळें आमच्या द्राक्ष व भाजीपाला पिकविणाऱ्या बंधूंनीं याकडे विशेष लक्ष द्यावें.

चौथें काम अग्नीस आवर घालण्याचें. पॉलिमर जळूं लागला म्हणजे पानें पृष्ठावर गोळा होऊन कोळशासह एक कवच धरतें व खालच्या भागास उष्णता आणि हवा कमी पोंचते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेंत शेंकडा ५ मातीच्या नायलॉनवर झालेल्या प्रयोगांत उष्णता बाहेर पडण्याचा कमाल वेग निम्म्याहूनही खालीं आला. पण यावरून मातीचा फोम पेटतच नाहीं असें कोणीं समजूं नये. तो पेटतो, आग पसरण्याचा जोर मात्र कमी होतो. पफच्या कोठीजवळ वेल्डिंग करतांना पूर्वीइतकीच सावधगिरी पाहिजे.

अति तेथें माती

प्रमाण चुकलें तर लाभ होत नाहीं, हानि होते. पुष्कळ प्रयोगांत चांगलें फळ शेंकडा १ ते ५ च्या दरम्यान मिळालें आहे. त्यापुढें माती वाढविली तर पानें सुटीं न राहतां पुन्हां चवड धरतात, ढेंकूळ होतें, आणि फोम नेमका त्या ढेंकळाजवळ फुटतो. शिवाय मिश्रण इतकें दाट होतें कीं तें नीट फुगत नाहीं. मिठावांचून भाजी आणि मिठानें भाजी यांत जें अंतर, तेंच मुठीच्या फरकानें खारट भाजींत आहे. सारा कस पानें सुटीं करण्यांत आहे, माती ओतण्यांत नाहीं.

ही अडचण टाळण्याकरितां दुसऱ्या आकाराच्या चिकणमात्याही वापरतात. हॅलोयसाइट ही माती पानांची नसून सूक्ष्म नळ्यांची असते. न्यूझीलंडमधील मटाउरी खाडीजवळचें हॅलोयसाइट प्रसिद्ध आहे. नळ्यांची चवड होत नसल्यामुळें त्या मिसळण्यास सोप्या पडतात, आणि पोकळींत औषधही भरतां येतें. सेपिओलाइट ही तिसरी माती तंतूंची. तिचे मोठे सांठे स्पेनमध्यें माद्रिदजवळ आहेत.

दूध आणि माती

या सर्व हकीकतींत आम्हांस अधिक जवळचा वाटला तो प्रयोग दुधाचा आहे. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे डेव्हिड शिराल्डी व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं केसीन व माँटमोरिलोनाइट यांचा फोम केल्याचें प्रसिद्ध केलें. केसीन म्हणजे दूध नासल्यावर चोथ्यांत येणारें मुख्य प्रथिन. गाईच्या दुधांतील प्रथिनांपैकीं सुमारें शेंकडा ८० भाग हेंच असतें. नुसत्या केसीनचा फोम ठिसूळ होतो व पाण्यानें विरघळूं लागतो. म्हणून त्यांनीं केसीनच्या सांखळ्या एकमेकींस बांधणारें ग्लिसराल्डिहाइड नांवाचें द्रव्य आणि थोडी चिकणमाती त्यांत घातली.

कृति अशी: केसीन व माती पाण्यांत कालवून मिश्रण गोठवितात. बर्फाचे स्फटिक वाढतांना पानांस व केसीनला बाजूस रेटतात, आणि त्यांच्या पातळ भिंती बनतात. मग निर्वातांत बर्फ वितळूं न देतां त्याची सरळ वाफ काढून घेतात. बर्फाच्या जागीं हवा राहते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी राहते. हा फोम दाब सोसण्यांत थर्मोकोलच्या तोडीचा निघाला; आणि कचऱ्याच्या ढिगासारख्या स्थितींत ठेविला असतां त्याचा सुमारें तिसरा हिस्सा ३० दिवसांत कुजून गेला. थर्मोकोल वर्षानुवर्षें कुजत नाहीं, म्हणून तर आपल्या राज्य सरकारनें मार्च २०१८ मध्यें थर्मोकोलच्या ताटवाट्या व सजावटीचें सामान यांवर बंदी घातली.

मात्र हिशेब विसरूं नये. शंभर लिटर गाईच्या दुधांतून केसीन निघतें तें अडीच किलोच्या आसपास, आणि गोठवून वाळविण्यास वीज फार लागते. म्हणून खाण्याच्या दुधाचा फोम करणें व्यवहारांत बसणार नाहीं. नासलेलें किंवा खपून उरलेलें दूध जेथें रोज गोळा होतें अशा मोठ्या दूध संघांनीं मात्र या विषयावर नजर ठेवावी. माल शेतकऱ्याचा, वेष्टन शेतकऱ्याच्या दुधाचें, आणि शेवटीं तें वेष्टनही मातींत जिरणारें, अशी ही कल्पना आहे.

तर मग माती विकावी काय?

आतां सभासदाच्या प्रश्नाकडे वळतों. मध्यस्थाचें अर्धें बोलणें खरें आहे. काळ्या मातींत त्या कुळाचें खनिज आहे. उरलेलें अर्धें खरें नाहीं. फोमच्या कारखान्यास काळी माती नको, शुद्ध केलेलीं पानें पाहिजेत. आपल्या मातींत चिकणाबरोबर पोयटा, वाळू, चुनखडीचे खडे, लोह व कुजलेला पाला असतो. खडे बुडबुडा फोडतात, लोहानें रंग बिघडतो. हें सर्व धुऊन, वेगळें करून, वर रसायनाचा संस्कार करावा तेव्हां तो माल होतो. ज्यास हा उद्योग करावयाचा तो जेथें बेंटोनाइटचे जाड थर खाणींत सांपडतात तेथें जातो. कपाशीच्या शेतांत येत नाहीं. शिवाय शेंकडा ५ हून कमी माती लागणाऱ्या धंद्यास ब्रासांनीं माती कशाला हवी, हें ज्याचें त्यानेंच मनाशीं विचारावें.

ज्यास प्रचीति पाहिजे त्यानें एक सोपी परीक्षा करावी. माती वाळवून, कुटून, अगदीं बारीक चाळणीनें चाळावी. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घेऊन मापाच्या खुणा असलेल्या दोन कांचेच्या नळ्यांत टाकावे. एका नळींत घासलेट व दुसरींत पाणी शंभर मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरून, ढवळून, चोवीस तास ठेवावें. घासलेटांत चिकण फुगत नाहीं, पाण्यांत फुगतें. समजा, घासलेटांत माती १० च्या खुणेवर व पाण्यांत १८ वर राहिली, तर फुगवटा शेंकडा ८० झाला. ही माती चांगलीच फुगणारी म्हणावयाची. पण उत्तम सोडियम बेंटोनाइट अवघा दोन ग्रॅम पाण्यांत घातला तरी तो २४ मिलिलिटर किंवा अधिक जागा व्यापतो. आपल्या मातीच्या दोन ग्रॅमांनीं वरील हिशेबानें चार मिलिलिटरही भरत नाहींत. मातीची खरी जात या नळींत दिसते.

आतां देण्याघेण्याचा हिशेब. एक एकर शेतांतून एक इंच माती काढली तर ३६३० घनफूट, म्हणजे ३६ ब्रासांहून थोडी अधिक माती निघते. ती घडण्यास शेंकडों वर्षें लागलेलीं असतात, आणि खतपाण्याचा सारा जोर त्याच वरच्या थरांत असतो. दोन विती माती गेल्यावर खालीं मुरूम लागला तर पुढच्या पिढीनें काय पेरावें? दुसरें असें कीं, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४८ अन्वयें खनिजांवरील हक्क सामान्यतः राज्य सरकारकडे आहे. परवानगीवांचून व स्वामित्वधन भरल्यावांचून माती विक्रीस काढणाऱ्यास जबर दंड होतो आणि वाहनही अटकवितात. मध्यस्थ पैसे मोजून निघून जातो. नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचें नांव आहे त्यास. असे कागद आम्हीं आमच्या नोकरींत पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते हातीं घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेले खातेदारही पाहिले आहेत.

म्हणून आमचा सल्ला असा आहे. शीतगृह बांधतांना किंवा पेट्या घेतांना विकणाऱ्यास विचारावें कीं, फोमची घनता किती, दाब किती सोसतो, आगीची परीक्षा झाली आहे काय, आणि उष्णता अडविण्याचा गुण कांहीं वर्षांनीं किती उरतो. मातीनें बळकट केलेला फोम म्हणून कोणी अधिक किंमत मागितली तर या चार प्रश्नांचीं उत्तरें लेखी घ्यावीं. नव्या विद्येचा लाभ घेण्यास मागें राहूं नये. पण तिचें नांव सांगून कोणी आपल्या शेताची वरची माती मागूं लागला तर त्यास दारांतूनच परत लावावें. जीं पानें फोमांत शेंकडा पांचांनीं एवढें काम करितात, तीं आपल्या शेतांत फुकट पाणी व खत धरून बसलीं आहेत. त्यांस तेथून हलवूं नये. इत्यलम्.